दिवा लुकलुकला, थांब की भावा!

डॅशबोर्डवरचं ते चिमुकलं पिवळं इंजिन. चेक इंजिन लाइट! तो पेटला की कुरुंदवाडच्या एसटी स्टँडपासून कॅलिफोर्नियापर्यंत गाडीवाल्याच्या पोटात सारखाच गोळा येतो. पण माहीत आहे का, या दिव्याची गोष्ट सुरू होते चक्क अननसापासून?

आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच केमिस्ट. अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये ते अननसाला त्याचा खास वास कशामुळे येतो, हे शोधत होते. बाहेर लॉस एंजलिसच्या हवेत लोकांचे डोळे चुरचुरत होते. मग या गृहस्थांनी अननस बाजूला ठेवला आणि शहराची हवाच तपासायला घेतली. निघालं काय? गाड्यांच्या धुरावर ऊन पडून ते डोळे झोंबवणारं धुरकं तयार होत होतं!

पुढे कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे पहिले अध्यक्ष तेच झाले. आणि याच बोर्डानं १९८८ च्या मॉडेलपासून नियम आणला, की गाडीनं आपलं दुखणं आपणच ओळखायचं आणि दिवा लावायचा. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना ओबीडी-टू, म्हणजे याच स्वयंनिदानाची दुसरी पिढी, सक्तीचं झालं.

म्हणजे बघा, हा दिवा मुळात तुमचं इंजिन वाचवायला जन्माला आलाच नाही. तो आला हवा वाचवायला. इंजिन वाचतं, ते बोनसमध्ये!

आपल्याकडे कधी? १ एप्रिल २०१० ला धुराचा बीएस-४ नियम आला, तो फक्त १३ शहरांत. मुंबई आणि पुणे त्यात असणारच. पण तिसरं मराठी नाव कोणतं, माहीत आहे का? सोलापूर! सोलापूरकर, कॉलर टाइट! पूर्ण देशात पोचायला २०१७ उजाडलं आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नं सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं.

आणि मुंबईची लाडकी काळी-पिवळी पद्मिनी? तिला हा दिवा नव्हताच. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, संपला विषय. टॅक्सी म्हणून शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं रस्ता सोडला. तोवर निदान करायचं ते फिटरच्या कानानं. पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचे, फिलर गेजनं गॅप बघायची आणि एक्झॉस्टचा आवाज ऐकत मान डोलवायची. कानाचा स्कॅनर, बॅटरीसुद्धा लागत नाही!

मिसिंग मारतीया म्हणजे नक्की काय?

कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर, कुठल्याही गॅरेजला जा. हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. "मिस्त्री, गाडी मिसिंग मारतीया बघा." इंजिन थडथडतं, पिकअप जातो, सिग्नलला स्टिअरिंग थरथरतं आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात. हवा, इंधन, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. चारही वेळेवर आल्या, की सिलेंडरमध्ये ज्वलन होतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. एक जरी चुकली, की तो ठोका रिकामा गेला. हाच मिसफायर.

नरसोबाच्या वाडीला पालखी बघितली असेल ना? चार खांदे एका लयीत चालतात, तेव्हा पालखी तरंगत जाते. एकाचं पाऊल चुकलं, की चौघांना धक्का बसतो. चार सिलेंडरच्या इंजिनात नेमकं हेच होतं. उलट मेलेला सिलेंडर नुसता गप्प बसत नाही, त्याचा पिस्टन वरखाली करायचं ओझंही बाकी तिघांवर पडतं. म्हणून चारातला एक गेला, तर ताकद चौथाईपेक्षा जास्तच कमी होते.

आता आकडा ऐका. चार सिलेंडरचं इंजिन २००० आरपीएमवर चाललंय. मिनिटाला किती ठिणग्या? ४०००. म्हणजे कुरुंदवाडहून कोल्हापूरच्या दिशेनं तासभर गाडी हाकली, की २ लाख ४० हजार! महाद्वार रोडला पार्किंग शोधण्यातल्या वेगळ्याच.

एवढ्या गर्दीत चुकलेला एक ठोका कॉम्प्युटरला कळतो कसा? तो कान लावून बसतो क्रँकशाफ्टवर. तिथं एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे मोजणी कुठून सुरू करायची ते कळावं. समोरचा सेन्सर एकेका दाताला लागलेला वेळ मोजतो. सिलेंडर जळला, की चाकाला किंचित वेग येतो. नाही जळला, की चाक किंचित रेंगाळतं. बस, तेवढं रेंगाळणं पुरतं. कुठला सिलेंडर रेंगाळला, तेही कळतं!

आणि आता आपल्या रस्त्यांचा मान राखणारी एक गोष्ट. माहीत आहे का, खड्ड्यांमुळे हा कॉम्प्युटर फसू शकतो? खराब रस्त्यावर चाकांना बसणारे हिसके गिअरबॉक्समधून थेट क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात आणि त्याचा वेग उगाच वरखाली होतो. कॉम्प्युटरला वाटतं, मिसफायर! म्हणून कित्येक गाड्यांत एबीएसच्या चाक-सेन्सरकडून आधी रस्त्याची चौकशी केली जाते. चाकंच उड्या मारत असतील, तर मिसफायरची मोजणी तेवढ्यापुरती थांबवली जाते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर या बिचाऱ्या यंत्रणेला ओव्हरटाइम!

पेटला आणि लुकलुकला, फरक जाणा!

या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा. दिवा स्थिर पेटला असेल, तर लवकर दाखवा. दिवा लुकलुकत असेल, तर पाय काढा आणि सावकाश बाजूला घ्या.

का? लुकलुक म्हणजे मिसफायर इतका जोरात आहे, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धोक्यात आलाय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथं जळतं. जे सिलेंडरमध्ये व्हायला हवं, ते पोटाखाली होतं! आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळू शकते. आणि त्या जाळीवर कशाचा थर असतो, माहीत आहे का? प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. हुपरीच्या चांदीवाल्यांनाही हेवा वाटावा, असा दागिना गाडीच्या पोटाखाली लटकत असतो. तो गेला, की हजार-पाचशेच्या प्लगचं काम कित्येक हजारांवर जातं.

कॉम्प्युटर हा धोका किती वेळात ओळखतो? अमेरिकन नियमात कन्व्हर्टर जाळणाऱ्या मिसफायरसाठी क्रँकशाफ्टचे २०० फेरे मोजायचे असतात. २००० आरपीएमवर ते होतात फक्त सहा सेकंदांत. चहाचा एक घोट!

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाकू. तेलाच्या चंबूचा लाल दिवा वेगळा. तो पेटला, तर गॅरेजपर्यंतसुद्धा जायचं नाही. जिथं आहात तिथं इंजिन बंद! पिवळा विनवतो, लाल बजावतो.

कोडची बाराखडी

स्कॅनर लावला, की स्क्रीनवर येतं पी-०३०२. घाबरू नका, वाचायला सोपं आहे. पी म्हणजे पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य सांगतं, की हा कोड सगळ्या कंपन्यांचा सामायिक आहे. तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायर. शेवटचे दोन आकडे म्हणजे सिलेंडर नंबर दोन.

पी-०३०१ पासून थेट पी-०३१२ पर्यंत जागा राखून ठेवलीय. बारा सिलेंडरवाल्या श्रीमंतांचीही सोय! आणि पी-०३००? म्हणजे मिसफायर होतोय, पण एकाच सिलेंडरचं नाव घेता येत नाही. तेव्हा संशय सगळ्यांच्या सामायिक गोष्टींवर घ्यायचा. पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती, भेसळीचं इंधन.

पण थांबा, इथंच माणसं फसतात. कोड पत्ता सांगतो, आरोपी नाही! पी-०३०२ वाचून कुणी थेट कॉइल बदलतं, मग प्लग, मग इंजेक्टर. बिल फुगतं आणि मिसिंग तसंच. आधी चेक करा, मग चेक फाडा!

शहाणा फिटर काय करतो, ते एका गॅरेजमध्ये जवळून बघितलेलं सांगते. नरसोबाच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याचं शेड. आत चार सिलेंडरची पेट्रोल कार थडथडतेय. फिटरनं मोबाइल बॉनेटच्या कडेला टेकवला, स्क्रीनवर पी-०३०२. गाडीमालक अस्वस्थ. "कॉइल गेली का ओ?" फिटर हसला. "दादा, जरा थांबा. तिलाच इचारू की."

त्यानं इंजिन बंद केलं. दहाच्या स्पॅनरनं दोन नंबरच्या कॉइलचा बोल्ट काढला, मग तीन नंबरचा. प्लगच्या विहिरीतून दोन्ही काळ्या कॉइल वर आल्या, रबराची बुडं फडक्यानं पुसली आणि अदलाबदल करून परत खाली. कनेक्टरचा टक असा आवाज. कोड पुसला, इंजिन चालू. थडथड तशीच. थोड्या वेळानं पिवळा दिवा पुन्हा हजर. आता स्क्रीनवर काय? पी-०३०३!

दुखणं कॉइलच्या मागोमाग तीन नंबरात गेलं. म्हणजे चोर सापडला. एक पैशाचा पार्ट न बदलता! दोन नंबरातच अडून बसलं असतं, तर पुढची अदलाबदल प्लगची, मग इंजेक्टरची आणि शेवटी कॉम्प्रेशन गेज. हा क्रम पाळणारा फिटर भेटला, तर त्याला सोडू नका. स्कॅनर कुणीही विकत घेतं, क्रम मात्र शिकावा लागतो.

जुनी युक्ती आठवते? चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर उपटून बघायची. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलेंडर मेलेला. पद्मिनीला चालायचं. आजच्या गाडीवर नको! ठिणगी हजारो व्होल्टची असते, झटका जबर बसतो आणि न जळलेलं पेट्रोल जातं त्या महागड्या कन्व्हर्टरमध्ये.

त्या फिटरच्या मोबाइलला कोड पुरवणाऱ्या ब्लूटूथ डबीचीही एक भानगड आहे. बहुतेक स्वस्त डब्यांवर ईएलएम-३२७ लिहिलेलं असतं. ही चिप मूळची कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची होती. पहिल्या आवृत्तीत कंपनीनं कॉपीपासूनचं संरक्षणच चालू केलं नव्हतं. झालं, नकलांचा पूर आला! आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य डब्या त्या नकलांच्याच पोटच्या. कोड वाचायला पुरेशा, पण एकीवर डोळे झाकून विश्वास नको.

प्लग काढला, की त्याच्याकडेही नीट बघा. बिस्किटाच्या रंगाचा असेल, तर तब्येत झकास. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघा. पांढराफटक असेल, तर हवा जास्त किंवा तापमान जास्त. छोटा पार्ट, मोठी कुंडली!

प्लगपुराण, एकदम चटपटीत

माहीत आहे का, एनजीकेचे स्पार्क प्लग आणि टोटोची बाथरूममधली भांडी एकाच घराण्यातली आहेत? जपानच्या मोरिमुरा उद्योगसमूहातून दोन्ही निघाले. दोघांचं गुपित एकच, उत्तम सिरॅमिक. एकाला पाणी सांभाळायचं, दुसऱ्याला वीज!

आपल्याकडे पिढ्यान्‌ पिढ्या प्लगला एकच नाव होतं, मायको. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बंगळुरू. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं. पण नाशिकच्या मायको सर्कलनं नाव काही सोडलं नाही.

होंडा सिटीच्या २००३ च्या आय-डीएसआय मॉडेलमध्ये सिलेंडर चार, पण प्लग आठ! त्याच सुमारास बजाजच्या पल्सरनं एका सिलेंडरला दोन प्लग देऊन डीटीएस-आय हा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर पोचवला. उलट टाटा नॅनोला सिलेंडरच दोन. एक रुसला, की अर्धं इंजिन संपावर!

आणि ही खास गंमत. महागड्या प्लगच्या टोकाला इरिडियम असतं, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. हाच धातू पृथ्वीच्या कवचात अतिशय दुर्मीळ. पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका पातळ थरात तो अचानक भरपूर सापडतो. डायनासोर संपवणाऱ्या अशनीची ती खूण. आणि त्याच काळाच्या आसपास आपल्या दख्खनवर लाव्हा वाहत होता. त्याच बेसाल्टपासून कृष्णाकाठची काळी माती झाली. म्हणजे वाडीची वांगी आणि गाडीचा प्लग, दोघांच्या गोष्टी एकाच काळाला भिडतात!

आपल्या गावाचे खास मिसफायर

कुरुंदवाड म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या कुशीतलं गाव. इथं सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. इथल्या मशिदींत गणपती बसतात, आणि तेही दरवर्षी, प्रेमानं. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे यांचं नातंही कुरुंदवाड संस्थानच्या अश्वशाळेशी होतं. हॉर्सपॉवर आपल्याकडे जुनीच! पण नदीच्या कुशीत राहण्याची किंमतही असते. २००५, २०१९, २०२१. शिरोळ तालुक्याला ही सालं सांगावी लागत नाहीत. २०१९ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू हायवेच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला.

पाण्यात बुडालेल्या गाडीचं काय होतं? पहिली चूक सगळ्यात महाग. पाणी ओसरलं, माणूस उत्साहानं आत बसला आणि स्टार्टर मारला! सिलेंडरमध्ये पाणी असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात आणि साध्या विम्यात तो बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नदीकाठच्या माणसानं रिन्यूअलच्या वेळी तेवढं एक कलम बघावंच. कळकळीनं सांगतेय.

दुसरं दुखणं उशिरा येतं. गाडी धुतली, वाळवली, चालू झाली, सगळे खूश. काही महिन्यांनी दिवा लुकलुकायला लागतो. कारण कनेक्टरच्या आतल्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो. करंट कधी पोचतो, कधी नाही. सिलेंडर कधी जळतो, कधी नाही. अशा गाडीला आधी कॉइल नको, आधी एकेक कनेक्टर उघडून साफ करा.

वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, तेव्हा कृष्णामाई दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. भाविक स्नानाला धावतात. धावा जरूर! पण त्याआधी गाडी उंचावर लावून या.

पुढचा पाहुणा उसाच्या फडातून येतो. उंदीर! गरम इंजिन, अंधार आणि कुरतडायला वायर. इंजेक्टरची एक वायर तुटली, की एक सिलेंडर बाद. माहीत आहे का, होंडानं अमेरिकेत यावर खास टेप विकायला काढलीय? तिला मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेलं असतं. उंदरानं चावा घेतला, की तोंडाला आग! कोल्हापूरकरांनो, हा तर आपला तांबडा फॉर्म्युला.

आणि ऊस आता थेट टाकीतही आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. आपल्या भागातल्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून बनलेलं इंधन आपल्याच गाडीत जळतं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याचे दोन स्वभाव माहीत हवेत. एक, लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. त्यात ऑक्सिजनही असतो, त्यामुळे ई-२० साठी न बनलेल्या गाडीच्या कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतं. तो जास्त इंधन सोडत जातो आणि मर्यादा संपली, की पी-०१७१ दाखवतो. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं, की दोघं जोडीनं टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. नोकरी पुण्याला आणि गाडी गावात ताडपत्रीखाली, असा मामला असेल, तर सुट्टीला आल्यावरच्या पहिल्या स्टार्टला मिसिंग आलं की आधी टाकी आठवा.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हालाही सोडलेलं नाही! डिझेलला स्पार्क प्लग नसतो, तरी मिसिंग असतं. तिथं मुख्य संशयित इंजेक्टर. नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये प्रेशर २००० बारपर्यंत जातं, कारच्या टायरच्या साधारण हजारपट! एवढ्या प्रेशरला कचऱ्याचा कणही चालत नाही. म्हणून फिल्टरची कंजुषी नको.

दुचाकीवाले म्हणतील, आमचं काय? बीएस-६ पासून तुमच्याकडेही पिवळा दिवा आहे. आणि होंडाच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत तो चक्क आकडे मोजून दाखवतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब, दोन छोट्या, म्हणजे कोड १२. स्कॅनर नाही, मोबाइल नाही, नुसतं मोजता आलं पाहिजे. ॲक्टिव्हावरच्या आज्जीलाही जमेल!

काही जगावेगळे

कॅडिलॅकनं १९८१ मध्ये मुद्दाम सिलेंडर बंद करणारं इंजिन काढलं. आठातले कधी सहा चालायचे, कधी चार. पेट्रोल वाचावं म्हणून! पण तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक्स तोकडं पडलं, गाडी धक्के मारायची आणि मालकांनी ती यंत्रणा सरळ तोडून टाकायला सुरुवात केली. आज तीच कल्पना कित्येक गाड्यांत गुपचूप, गुळगुळीत चालते.

स्वीडनच्या साबनं तर प्लगलाच हेर बनवलं. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगमधून बारीकसा करंट सोडायचा. आत ज्वलन झालं असेल, तर तापलेल्या वायूतून करंट वाहतो. नसेल, तर नाही. जो काडी पेटवतो, तोच साक्षही देतो!

आणि दिवा गप्प राहिला म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणात गाडीचं सॉफ्टवेअर टेस्ट चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर धूर वेगळाच! आपल्याकडे याची तपासणी कुणी केली? पुण्याच्या एआरएआयनं. १९६६ पासूनची ही आपली संस्था. २०१५ च्याच डिसेंबरात फोक्सवॅगननं भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या.

सेकंडहँड घेताय? मग हे वाचाच!

पूर येऊन गेला, की सहा-आठ महिन्यांत चकाचक, स्वस्त गाड्या बाजारात येतात. तेव्हा विक्रेत्यासमोर इंजिन चालू करायच्या आधी नुसती चावी ऑन करा. पिवळं इंजिन पेटलंच पाहिजे. स्टार्ट केल्यावर विझलं पाहिजे. चावी ऑन केल्यावर पेटतच नसेल, तर दिवा बिघडलाय किंवा कुणीतरी बिघडवलाय. दोन्हींत सौदा थांबवा.

दिवा पेटून विझला? छान. पण कुणी सकाळीच कोड पुसून आणला असेल तर? त्याचीही सोय आहे. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं. कोड पुसला, की गाडीच्या बहुतेक स्वयंतपासण्या शून्यावर येतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला तिला गावात, हायवेवर, थंड-गरम असं बरंच फिरावं लागतं. त्या पानावर अर्ध्याहून जास्त ओळींपुढे 'नॉट रेडी' दिसलं, तर विक्रेत्याला एवढंच विचारा, "दादा, कोड कवा पुसला?"